जागलीवरच्या माणसापर्यंत: विदर्भात शेतीचा रेडिओ कार्यक्रम कसा उभा करायचा

पेरणी उरकल्यावर बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळण्याचा, कार्यक्रम लागला, तर तो कितीही चांगला असला तरी त्या हंगामापुरता वायाच गेला. शेतीच्या रेडिओत आवाज, संगीत, मुलाखत या सगळ्या गोष्टी नंतरच्या. कास्तकाराला ज्या आठवड्यात ते काम करायचं आहे, त्याच्या आठ दिवस आधी ती गोष्ट त्याच्या कानावर पडली पाहिजे. हे एक जमलं की बाकीचं शिकता येतं.

हा लेख नवख्यांसाठी आहे. कृषी महाविद्यालयातून गावात राहायला आलेले विद्यार्थी, शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणारी पोरं, बचत गटाच्या ताया, कृषी विज्ञान केंद्रात नुकतेच लागलेले लोक, असे कोणीही. रेडिओचा अनुभव नसला तरी चालेल. वावराचा अनुभव मात्र थोडा तरी हवा, नाहीतर सोबत तो असलेलं माणूस हवं.

आधी ठरवा: ऐकणार कोण आणि कधी

"गावात आता रेडिओ कोण ऐकतं?" हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारेल. उत्तर शोधायला रात्री बाहेर पडा. रब्बीत कृषिपंपाची लाईन रात्रीची असली की हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायला माणूस रात्रीच वावरात जातो. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पीक खाऊन जाऊ नयेत म्हणून मचाणावर जागलीला बसतो. त्याच्या खिशात बटणांचा मोबाइल असतो आणि त्यात एफएम असतं. काही जण तर जनावरं बुजावीत म्हणून धुऱ्यावर रात्रभर रेडिओ चालू ठेवतात. हा तुमचा हक्काचा श्रोता आहे आणि संध्याकाळी सातचा कार्यक्रम त्याच्या उपयोगाचा नाही. थंडीच्या दिवसांत तोच भाग रात्री पुन्हा लावता आला तर जरूर लावा.

बायांचं वेळापत्रक वेगळं. निंदणाच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्या सकाळी डबा बांधून लवकर निघतात, परत आल्यावर चुलीशी असतात. स्वयंपाकाची वेळ ही त्यांची ऐकायची वेळ, कारण हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे. निंदण, वेचणी, बियाणं राखणं, बकऱ्या, कोंबड्या ही सगळी कामं त्यांचीच. तरी बहुतेक शेती कार्यक्रम "शेतकरी बंधूंनो" म्हणून सुरू होतात. तुम्ही तसं करू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. मोबाइलवरच्या एफएमला बहुतेक वेळा वायरचा इअरफोन लावावा लागतो, कारण तीच वायर अँटेनाचं काम करते. नव्या बऱ्याच स्मार्टफोनमध्ये एफएम नसतंच. म्हणून गावात फिरताना कोणाकडे कोणता फोन आहे, हे नुसतं पाहून ठेवा. कार्यक्रम कुठून पोचवायचा, हे त्यावर ठरतं.

वाटा तीन, सुरुवात मात्र तिसरीपासून

पहिली वाट आकाशवाणीची. नागपूर केंद्र १९४८ पासून चालू आहे. अकोला, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर इथेही केंद्रं आहेत. आकाशवाणीला शेती कार्यक्रमांचा जुना सराव आहे, 'किसानवाणी' २००४ मध्ये सुरू झाली. केंद्राच्या शेती विभागाला पत्र लिहा, जाऊन भेटा. मात्र "आम्हाला वेळ द्या" एवढंच म्हणून भागत नाही. "आमच्या तालुक्यातले हे आठ प्रश्न, हे बोलू शकणारे कास्तकार, आणि हा नमुन्याचा एक भाग" असं घेऊन गेलात तर बोलणं पुढे सरकतं.

दुसरी वाट सामुदायिक रेडिओची. २००६ च्या धोरणापासून नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रं असं केंद्र चालवू शकतात. त्याआधी परवानगी फक्त शैक्षणिक संस्थांना होती. संस्था असेल तर ती किमान तीन वर्षं जुनी लागते. ट्रान्समीटरची ताकद साधारण १०० वॅट, अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर उंच, आणि आवाज पोचतो तो पाच ते दहा किलोमीटर. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेला असावा लागतो. तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिरात चालते, राजकीय कार्यक्रम चालत नाही, आणि प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करायचा. तेलंगणात पस्तापूरच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीनं २००८ मध्ये संघम रेडिओ सुरू केला. तो गावातल्या दलित बाया चालवतात, हे मुद्दाम सांगतो, कारण "आपल्याला कुठे जमणार" हे वाक्य पहिल्याच बैठकीत येतं.

दहा किलोमीटर हे कमी वाटतं. माझ्या मते तीच खरी सोय आहे. आर्णीच्या पऱ्हाटीचा (कपाशीचा) आणि तुमसरच्या धानाचा सल्ला एकाच भागात कोंबायची गरज पडत नाही.

ऑनलाइन मिळणारा छोटा ट्रान्समीटर आणून परवान्याशिवाय सुरू करायचा मोह काहींना होतो. तो गुन्हा आहे, आणि पुढे परवाना मागताना हाच प्रकार आडवा येतो.

तिसरी वाट म्हणजे ट्रान्समीटर नसतानाचा रेडिओ. दहा मिनिटांचा ऑडिओ करायचा, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर ठरलेल्या वेळी लावायचा, आणि तोच गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा. सुरुवात इथून करा. एक खरीप असा काढला की प्रश्न गोळा करणं, बोलतं करणं, वेळ पाळणं, सगळं अंगवळणी पडतं. मग आकाशवाणीकडे जायला तुमच्या हातात काहीतरी असतं.

प्रश्न गोळा करणे

"तुम्हाला कोणती माहिती हवी?" असं विचारलं की उत्तर येतं, "सगळीच द्या ना." त्याऐवजी "गेल्या साली कुठं अडलं?" असं विचारा. मग माणूस सुरू होतो: सोयाबीन दोनदा पेरावं लागलं, तूर फुलावर असताना उभी वाळली, संत्र्याची फळं गळाली.

जागा निवडून बसा. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा माणसाला दोन-तीन तास दुसरं काम नसतं. बाजाराच्या दिवशी चहाची टपरी चालते. बायांसाठी बचत गटाची बैठक, कारण पुरुषांसमोर त्या शेतीचं बोलत नाहीत असा माझा अनुभव आहे. आणि कृषी केंद्राच्या, म्हणजे बी-खत-औषधांच्या दुकानाच्या, काउंटरजवळ अर्धा तास उभे राहा. बहुतेक कास्तकारांचा खरा सल्लागार तो दुकानदारच असतो, उधारीही त्याच्याकडेच असते. त्याला शत्रू ठरवून तुमचं काही साधणार नाही. लोक काय मागतात हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

प्रश्न वहीत त्याच्याच शब्दांत उतरवा. "पात्या काऊन गयतेत?" (कपाशीच्या कळ्या का गळतात?) असा प्रश्न आला तर "पातेगळीची कारणे" असं लिहून मोकळे होऊ नका. भागाचं पहिलं वाक्य तोच प्रश्न असतो.

पंचांग समोर ठेवा

मोठ्या कागदावर वर्ष मांडा, पण महिन्यांऐवजी कामं लिहा. मे महिन्यात बियाण्याची उगवण तपासणं. रोहिणी संपता संपता बीजप्रक्रिया. मृग लागला की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मग डवरणी, तण, खताचा दुसरा हप्ता. पोळ्याच्या सुमारास कपाशीवर लक्ष. पुढे तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी, वेचणी, साठवण, हरभरा.

हा झाला कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्याचा कागद. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात परे (रोपं), रोवणी (लावणी), खोडकीड आणि करपा येतील. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आंबिया आणि मृग बहार (फुलोऱ्याचे दोन हंगाम), बहारासाठी पाणी तोडून दिलेला ताण आणि फळगळ. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागात, पाणी आणि जमीन हाच मोठा विषय. दुसऱ्याचा कागद उचलून आणू नका.

विषयांचे दोन ढीग करा. उगवण तपासणी, सापळे लावणं, साठवण हे टिकाऊ विषय महिनाभर आधी रेकॉर्ड करून ठेवता येतात. हवामान, अचानक आलेली कीड, बाजारभाव हे नाशवंत, ते त्याच आठवड्यात करायचे. हवामानावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तुमचा कार्यक्रम बुधवारी आणि शनिवारी ठेवलात तर तो ताजा असतानाच गावात पोचतो. इतकी साधी गोष्ट, पण कार्यक्रमाचा वार सोयीनं ठरवला की शिळा सल्ला वाचण्याची पाळी येते.

तपासल्याशिवाय एक आकडाही नको

इथे जरा थांबतो, कारण रेडिओवर चुकीचं गेलेलं परत बोलावता येत नाही.

विदर्भासाठी शिफारशी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या घ्या. कपाशीसाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, संत्र्यासाठी नागपूरलाच लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे. शंका राहिली तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर विचारा. यूट्यूबवर पाहिलेला उपाय, दुसऱ्या राज्यातला अनुभव, कंपनीच्या माणसानं दिलेलं पत्रक, यातलं काही थेट वाचू नका.

मात्रा सांगताना घोळ कुठे होतो ते पाहा. शिफारस असते दहा लिटर पाण्याला अमुक मिली. कास्तकार विचारतो, "पंपाला किती?" त्याचा बॅटरीचा पंप असतो सोळा लिटरचा. दहा लिटरला वीस मिली असेल तर त्याच्या पंपाला बत्तीस. हा हिशेब तुम्ही करून सांगितला नाही, तर तो बाटलीच्या टोपणानं अंदाज घेतो. म्हणून मात्रा नेहमी दोनदा सांगा: दहा लिटरची आणि सोळा लिटरच्या पंपाची. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाची मात्रा वेगळी असते, ती शास्त्रज्ञाकडून विचारून घ्या. हेक्टरचं एकरात करूनच बोला. औषधाचं नाव सांगताना दुकानातलं नाव टाळून त्यातला घटक सांगा, आणि तो सावकाश, दोन वेळा.

फवारणीच्या प्रत्येक भागात सुरक्षिततेचं एक मिनिट असलंच पाहिजे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. डोक्याबरोबर वाढलेली पऱ्हाटी, दोन-तीन औषधांचं मिश्रण, तोंडाला फडकंही नाही, असं सगळं एकत्र आलं होतं. "काळजी घ्या" एवढं म्हणून उपयोग नाही. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल असेल तर ते सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम असं काही वाटलं तर काम सोडून दवाखान्यात जा आणि औषधाचा डबा सोबत न्या. हे शब्द दर वेळी तेच ठेवा, गावाला पाठ झाले पाहिजेत.

लिहायचं कसं

एका भागात एकच काम. ऐकणाऱ्यानं रेडिओ बंद केल्यावर उद्या सकाळी घरातल्या वस्तूंनी करता येईल असं काहीतरी त्याच्या हातात पडलं पाहिजे. नमुना म्हणून मे महिन्यातल्या एका भागाचा तुकडा देतो. बोलणारी एक ताई, ऐकणारे काकाजी:

"काकाजी, यंदा सोयाबीनचं बियानं घरचंच हाय काय?"

"घरचंच. बॅगचा भाव पायला का तू? पन उगवन का नाई, देव जाने."

"देवाले कायले तरास? शंभर दाने मोजा. हाताले येतीन ते घ्या, चांगले चांगले निवडू नोका."

"बरं."

"गोनपाट ओलं करा, पानी निथरू द्या. त्याच्यावर दहा-दहाच्या रांगा लावा, गोल गुंडाया अन् सावलीत ठेवा. सुकू देऊ नोका."

"मंग?"

"सातव्या दिवशी उलगडून मोजा. सत्तर निंघाले तं बियानं पास. एकरी तीस किलो पेरा."

"अन् साठच निंघाले तं?"

"तं पस्तीस किलो घ्या."

"पन्नास?"

"मंग ते इकून टाका काकाजी, पेरू नोका."

वाचायला मिनिटभर लागतं आणि यात सगळे आकडे आले. "निवडू नोका" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण माणूस हमखास टपोरे दाणे उचलतो आणि चाचणी खोटी निघते. अशी जागा प्रत्येक विषयात असते. ती अनुभवी कास्तकाराकडून शोधून काढा, पुस्तकात ती क्वचितच सापडते.

बोलीचं म्हणाल, तर आपल्या भागात जशी बोलतात तशीच ठेवा, पण तिची नक्कल करू नका. नागपूरच्या पोरानं ओढून-ताणून वऱ्हाडी काढली की ऐकणारे हसतात आणि सल्ला बाजूला राहतो. जो जसा बोलतो तसं त्याला बोलू द्या. पूर्वेकडे झाडीबोली आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या तांड्यांवर गोरमाटी. तिथे मराठी भाग ऐकवून काम झालं असं समजू नका, त्याच भाषेतलं माणूस माइकसमोर बसवा.

शास्त्रज्ञ मात्र "प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्यास" असंच बोलणार. त्यांना अडवू नका, पुढचा प्रश्न विचारा: "म्हणजे साहेब, सापळ्यात किती पतंग सापडले की फवारायचं?" मग ते सांगतील, गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग एका कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधानं नर पतंग ओढून घेणारा सापळा), लागोपाठ तीन दिवस. देखरेखीसाठी एकरी दोन सापळे पुरतात. पोळ्याच्या अमावस्येला अळी येते असं गावात म्हणतातच. ते खोडत बसण्यापेक्षा "अमावस्येच्या आधी सापळे लावा आणि मोजा" असं म्हटलं की दोघांचंही राहतं.

रेकॉर्डिंग

साधा स्मार्टफोन पुरतो. तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा, म्हणजे श्वासाचा फुफाट येत नाही. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो आणि पाऊस आला तर सगळंच बुडतं, म्हणून गोठा किंवा कापूस भरलेली खोली निवडा. कापसाच्या ढिगासमोर होतं तसं स्वच्छ रेकॉर्डिंग भाड्याच्या स्टुडिओबाहेर कुठे होत नाही. पंखा, मोटारपंप, शेजारचा टीव्ही बंद करायला लावा. बोलणं संपल्यावर त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर घ्या, जोडकामात लागतो.

कागद हातात देऊ नका. कागद दिला की चांगला बोलणारा माणूसही शाळेतल्यासारखा वाचायला लागतो. बोलणाऱ्याचं नाव-गाव सांगायचं का, हे त्याला आधी विचारा. कर्ज किंवा नुकसानीबद्दल बोलला असेल तर रेकॉर्डिंग त्याला ऐकवून मगच वापरा.

ऐकणारे एकत्र बसवा

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या दीडशे गावांत लोकांचे गट आठवड्यातून दोनदा जमून शेतीचा कार्यक्रम ऐकत, आणि संपल्यावर त्यावर चर्चा करत. ज्या गावांत असे गट होते तिथे लोकांची माहिती स्पष्टपणे जास्त वाढलेली दिसली. कल्पना कॅनडाच्या शेती रेडिओ मंचांवरून घेतलेली होती.

आजही हेच करण्यासारखं आहे. दहा-बारा जण, एक स्पीकर, मारुतीच्या पारावर किंवा अंगणवाडीत. ऐकून झाल्यावर दोनच प्रश्न: हे आपल्या वावरात जमेल का, आणि नसेल तर काय अडतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा पुढचा भाग. बायांचा गट वेगळा ठेवा.

काम झालं का, हे कसं कळणार

किती जणांनी ऐकलं हे मोजायच्या मागे लागू नका. मे महिन्यात गोणपाटाचा भाग लागला असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच घरी जाऊन गोणपाट बघा. मिस कॉलसाठी एक नंबर ठेवा आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाला पुढच्या भागात उत्तर द्या. उत्तर तज्ज्ञाकडून यायचं असेल तर "पुढच्या बुधवारी" असं सांगा आणि त्या बुधवारी द्याच.

चुकीचा आकडा गेला तर दुसऱ्याच दिवशी, त्याच वेळेला दुरुस्ती सांगा, आणि भाग गटांतून काढून टाका. व्हॉट्सॲपवरचा ऑडिओ मात्र पुढच्या हंगामातही फिरत राहतो. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्याच वाक्यात तारीख, वर्ष आणि तालुका बोलून ठेवा.